हौशी दारूकाम : द्रव्यांची खरेदी, कायदा आणि वैध मार्ग

दिवाळीच्या अगोदर महिना-दीड महिना, आणि पुढे गावोगावच्या जत्रा-उरुसांच्या हंगामात पुन्हा एकदा, वाचकांकडून एकाच आशयाची पृच्छा वारंवार येत असते. शोभेच्या दारूचे काम घरच्या घरी, विक्रीसाठी नव्हे तर केवळ हौसेखातर करावयाचे आहे. तेव्हा त्यास लागणारी द्रव्ये कोठून घ्यावीत, किती घ्यावीत आणि ती घेताना कोणाची परवानगी काढावी लागते काय, असा साधारणपणे प्रश्नाचा रोख असतो. प्रश्न विचारणाऱ्यांत रसायनशास्त्राचे विद्यार्थी असतात, निवृत्त कारागीर असतात, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी एके काळी ग्रामदेवतेच्या पालखीपुढे स्वहस्ते भरलेले भुईनळे लावले होते असेही काही असतात. या मंडळींच्या कुतूहलाविषयी आम्हांला अनादर नाही. परंतु प्रश्नाची मांडणीच अशी असते, की तिचे सरळ उत्तर दिल्यास विचारणाऱ्याचे अकल्याण व्हावे. म्हणून प्रमाणे आणि कृती यांचा उल्लेख प्रस्तुत लेखात कोठेही आढळणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. निर्णय घेण्यास जे अवश्य आहे, तेवढे मात्र तपशिलाने सांगावयाचे आहे.

खरेदीची पावती म्हणजे परवाना नव्हे

बहुतेकांची पहिली गल्लत येथेच होते. शोभेच्या दारूत पडणाऱ्या अनेक द्रव्यांचा अन्यत्र निरुपद्रवी उपयोग असतो. कोणते शेतीस लागते, कोणते रंगकामास, तर कोणते औषधात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत लागते. त्यामुळे ती उजळ माथ्याने विकली जातात आणि दुकानदार पावतीही देतो. यावरून, ज्या वस्तू सरकार विकू देते त्या एकत्र करण्यास सरकारची हरकत कशी असेल, असा तर्क वाचक करतात. तो दिसावयास सयुक्तिक असला तरी चुकीचा आहे. १८८४ च्या स्फोटकद्रव्य अधिनियमाचा खरा रोख सुट्या पुडीवर नसून त्या पुड्यांपासून सिद्ध होणाऱ्या वस्तूवर आहे. शोभेची दारू, रंगीत उजेडाची मिश्रणे, वाती आणि बाण ही सर्व त्या अधिनियमाच्या व्याख्येनुसार 'स्फोटक द्रव्य' ठरतात, आणि परवान्यावाचून ती तयार करणे हा, वजन कितीही अल्प असो व हेतू कितीही निर्मळ असो, अपराध होतो.

एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमोनियम नायट्रेट हे द्रव्य वजनाने ४५ टक्क्यांहून अधिक ज्या मिश्रणात असेल, ते मिश्रणच मुळात स्फोटक म्हणून घोषित झालेले असून त्याच्या खरेदीपासून साठ्यापर्यंतच्या सर्व व्यवहारांस २०१२ ची स्वतंत्र नियमावली लागू आहे. तेथे पावतीसुद्धा निरुपयोगी ठरते.

'निर्मिती'त काय काय मोडते

अधिनियमातील निर्मितीची व्याख्या सामान्य माणसाच्या समजुतीपेक्षा पुष्कळच विस्तृत आहे, आणि निष्पाप समजल्या जाणाऱ्या कित्येक घरगुती उद्योगांचा समावेश तीत होतो. पुढील गोष्टी आपल्याकडील मुले दरसाल करतात, आणि वडीलधारी मंडळी कौतुकाने पाहत उभी असतात :

- न वाजलेले फटाके फोडून त्यांतील दारू कागदावर गोळा करणे. स्फोटक वस्तू मोडून तिचे घटक अलग करणे ही कायद्याच्या दृष्टीने निर्मितीच होय.
- सर्दावलेले भुईनळे उघडून, वाळवून, पुन्हा भरणे. नादुरुस्त स्फोटक वापरण्याजोगे करणे हेही व्याख्येत येते.
- दोन-चार प्रकारच्या फटाक्यांतील दारू एका नळीत घालून 'काही तरी मोठे' करून पाहणे.

विनापरवाना निर्मितीस तीन वर्षांपर्यंत, आणि विनापरवाना बाळगणे, वापरणे, विकणे वा वाहून नेणे यांस दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. स्फोटक पदार्थ हाताळताना हयगय करून दुसऱ्याच्या जीविताला धोका उत्पन्न केल्यास भारतीय न्याय संहितेचे २८८ वे कलम निराळे लागते. आणि परिस्थितीच संशयास्पद असेल तर १९०८ चा, याहून कितीतरी कठोर असा, स्फोटक पदार्थ अधिनियम पुढे येतो. त्या वेळी आपण केवळ हौशी होतो हे पटवून देण्याचा भार व्यवहारात आपल्याच शिरावर येऊन पडतो. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस स्फोटक द्रव्याची निर्मिती किंवा विक्री करण्यास अधिनियमानेच मनाई केलेली आहे; तेव्हा 'मुलाचा शालेय प्रकल्प' ही सबब पुढे करण्यात अर्थ नाही.

जी द्रव्ये परवानाधारकासही वर्ज्य आहेत

जुन्या पोथ्यांतून, आजोबांच्या वहीतून किंवा परदेशी पुस्तकांतून पाठ उतरवून घेणाऱ्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण २७ जानेवारी १९९२ च्या केंद्रीय अधिसूचनेने आपल्या देशात निषिद्ध ठरविलेले आहे. आगकाडीचे टोक, टिकल्या आणि शास्त्रीय कामासाठीची अल्प मात्रा एवढेच काय ते त्यास अपवाद. विलायतेत तर अशी बंदी १८९४ पासूनच आहे. कारण असे, की हे मिश्रण पेटविण्याची वाट पाहत नाही. किंचित घर्षण, थोडासा आघात, किंवा गंधकात साठवणुकीने उत्पन्न झालेला आम्लांश त्यास पुरेसा होतो. जुन्या वह्यांतील निम्म्याअधिक 'हमखास' कृती याच जोडीवर उभ्या असतात, हे त्या वह्या जपून ठेवणारांस बहुधा ठाऊक नसते.

दुसरी बंदी बेरियमच्या क्षारांवर आहे. हिरवा रंग व पांढरी लकाकी यांसाठी ते पूर्वी सर्रास वापरले जात. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयाने फटाक्यांतील त्यांचा वापर थांबविला, आणि या बंदीचे काटेकोर पालन व्हावे असे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा बजावले.

घरात हे काम का साधत नाही

परवानाप्राप्त कारखान्यात निरनिराळी कामे निरनिराळ्या, एकमेकींपासून ठराविक अंतरावरील खोल्यांत चालतात. एका खोलीत एका वेळी किती दारू असावी व किती माणसे असावीत यांस मर्यादा असते. घर्षणाने ठिणगी न देणारी हत्यारे वापरली जातात आणि अंगावरील स्थिर विद्युत् जमिनीत उतरविण्याची सोय असते. इतके सारे करूनही शिवकाशीच्या परिसरातून अपघातांच्या वार्ता आपण दरसाल वाचतोच. मग ज्या घरात मिक्सर, मोबाइल, नायलॉनचे कपडे आणि शेजारच्या खोलीत गॅसची शेगडी आहे, तेथे ही व्यवस्था कशी होणार? हातमोजे व चष्मा घातला की झाले, अशी समजूत करून घेणारे वाचक पुष्कळ आहेत. परंतु बंद नळीत ठासलेल्या दारूपुढे चष्म्याचा उपयोग मर्यादितच असतो.

वस्तू लहान असली म्हणजे धोका लहान असतो, हाही एक भ्रमच. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडनजीक तळवडे येथे ज्या कारखान्यास आग लागून अनेक महिला कामगार मृत्युमुखी पडल्या, त्या कारखान्यात बनत होत्या वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या! ज्यास आपण फटाकाही म्हणत नाही अशा खेळण्यातील चूर्ण साठले म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधावयास महाराष्ट्राबाहेर जाण्याची आवश्यकता नाही.

मग हौस भागवावी कशी

आपणांस नेमके काय हवे आहे, हे प्रथम स्वतःशी ठरवावे. बहुतेकांना रंगांचे कुतूहल असते. काहींना आकाशातील रचना आवडते. काहींना परंपरा जपावयाची असते. आणि थोड्यांना खरोखरच हा व्यवसाय म्हणून शिकावयाचा असतो. या चौघांचे मार्ग भिन्न आहेत.

*रंगांचे कुतूहल.* स्ट्रॉन्शियमचा किरमिजी, सोडियमचा पिवळा, कॅल्शियमचा नारिंगी आणि तांब्याचा हिरवट निळा हे सर्व रंग ज्योत-परीक्षेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, नायक्रोमच्या तारेवर क्षाराचा कण धरून दिव्याच्या निळ्या ज्योतीत पाहता येतात. साधा वर्णपटदर्शक जोडल्यास प्रत्येक धातूच्या रेषाही ओळखू येतात, आणि आमच्या मते हा आनंद भुईनळ्याच्या आनंदाहून तसूभरही कमी नाही. एक मात्र कटाक्षाने टाळावे. बशीत मिथेनॉल ओतून त्यात क्षार पेटविण्याचा प्रयोग काही ठिकाणी करून दाखवितात. त्या द्रवाची वाफ दूरवरून पेट घेते, आणि बाटलीतून पुन्हा ओतताना ज्वाला थेट विद्यार्थ्यांच्या अंगावर येते.

*आकाशातील रचना.* मोठ्या समारंभांची आतषबाजी करणाऱ्या परवानाधारक मंडळींना हंगामात सामान हलविण्यास, मैदान आखण्यास, नळ्या पुरण्यास व रात्री मैदान तपासण्यास मदतनीस लागतात. त्यांच्या हाताखाली, त्यांच्या जबाबदारीवर, तयार माल कसा लावावा हे शिकता येते. अनुक्रम, उंची, अंतर आणि वाऱ्याचा अंदाज यांत या कलेचे पुष्कळसे मर्म आहे; दारू कालविण्यात त्या मानाने फारच थोडे.

*परंपरेचे जतन.* पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी इ. स. १४०० ते १९०० या कालखंडातील भारतीय आतषबाजीचा इतिहास इंग्रजीत लिहिला असून तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकविले आणि त्यात दारूकामाची सबंध लंका उभारून हनुमंताकरवी ती जाळविल्याचा वृत्तान्त सांगितला, असे पेशव्यांच्या बखरीत आहे. अशा नोंदी गावोगावच्या देवस्थानांच्या दप्तरांत अजून पडून आहेत. घराण्यात दारूकाम होते असे अभिमानाने सांगणाऱ्या वाचकांनी वहीतील पाठ करून पाहण्यापेक्षा ती वही, तीतील देवस्थानाच्या जमाखर्चासह, एखाद्या इतिहास संशोधन मंडळास दाखवावी.

*व्यवसाय म्हणून.* शिवकाशी येथे फटाक्यांविषयी संशोधन व विकास करणारे शासकीय केंद्र आहे, आणि धूर कमी करणाऱ्या फटाक्यांची सूत्रे तर आपल्याच नागपुरातील 'नीरी' या संस्थेने बसविली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन या वाटेने गेल्यास हीच द्रव्ये कायद्याच्या छत्राखाली, जाणत्यांच्या सहवासात हाताळावयास मिळतात.

परवाना काढावयाचाच असेल तर

केवळ हौसेकरिता असा कोणताही निराळा परवाना आपल्याकडे नाही. जो आहे तो निर्मात्याचा. २००८ च्या स्फोटकद्रव्य नियमांनुसार, एका वेळी १५ किलोग्रॅमपर्यंत शोभेची दारू वा बंदुकीची दारू तयार करण्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकतात. त्याहून मोठ्या कामासाठी, ज्या खात्याचे मुख्यालय नागपुरास आहे त्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे जावे लागते. ज्या शहरात पोलीस आयुक्तालय आहे तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या ठिकाणी पोलीस आयुक्त असतात, हे अनेकांना ठाऊक नसते आणि अर्ज भलत्याच कचेरीत महिनोन् महिने पडून राहतो.

जागेची निवड हीच या प्रकरणातील खरी अडचण होय. राहत्या घरात, चाळीत, सोसायटीच्या गच्चीवर किंवा वाहनतळात परवाना मिळण्याची आशाच धरू नये. वस्ती, रस्ता, शाळा, देवालय यांपासून विहित अंतर सुटेल अशी मोकळी जमीन आणि तीवर मंजूर आराखड्याप्रमाणे बांधलेल्या खोल्या लागतात. हिशेब मांडला म्हणजे पंधरा किलोंची हौस केवढ्याला पडते हे आपले आपणांस कळून येईल.

तरीही अर्ज केला आणि तो नामंजूर झाला, तर आपले काही अधिकार आहेत. नकाराची कारणे लेखी नोंदविणे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि ती उघड करणे सार्वजनिक हिताविरुद्ध असल्याखेरीज मागणी केल्यास त्यांचा संक्षिप्त गोषवारा आपणांस मिळावयास हवा. त्या आदेशावर वरिष्ठांकडे अपील करता येते. मात्र मुदत अल्प असते, म्हणून आदेश हाती पडलेली तारीख पाकिटासह जपून ठेवावी.

सणापुरते फटाके विकण्याचा हंगामी परवाना ही निराळी बाब आहे, आणि त्याविषयीही पुष्कळ पत्रे येतात. त्यासाठीची दुकाने न जळणाऱ्या साहित्याची, एकमेकांपासून किमान ३ मीटर व संरक्षित वास्तूंपासून ५० मीटर अंतरावर, आणि समोरासमोर तोंड न येईल अशी असावी लागतात. एका ठिकाणी ५० हून अधिक दुकानांस परवानगी नसते, लोंबकळत्या तारेचे दिवे चालत नाहीत, आणि दुकानांपासून ५० मीटरच्या आत फटाके उडवून दाखविण्यास मनाई आहे. या हंगामी परवान्यात निर्मितीचा अंशमात्र समावेश होत नाही.

घरात अगोदरच काही साठले असेल तर

हा प्रश्न कोणी उघडपणे विचारीत नाही. पत्राच्या तळाशी, 'एका मित्राकडे' अशा शब्दांत तो येतो. त्यास अवघडण्याचे काहीच कारण नाही. प्रकार तीन आहेत, आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा.

१. *सुटी, मूळ डब्यातील, न मिसळलेली द्रव्ये.* ती एकमेकांजवळ ठेवू नयेत. ज्वलनास प्राणवायू पुरविणारे क्षार एकीकडे, आणि गंधक, कोळसा व धातूंची चूर्णे दुसरीकडे, कोरड्या जागी असावीत. धातूच्या चूर्णास ओल लागू देऊ नये. मोरीत, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. ज्या दुकानातून घेतली तो व्यापारी, जवळच्या महाविद्यालयाचा रसायन विभाग किंवा घातक कचरा उचलणारी अधिकृत यंत्रणा यांच्याकडे चौकशी करावी. डब्यावरील चिठ्ठी निघून गेली असेल तर वासावरून वा जाळून पाहून ओळखण्याचा प्रयत्न करू नये. ते अनोळखी द्रव्य म्हणूनच सोपवावे.

२. *सर्दावलेले किंवा न वाजलेले तयार फटाके.* बादलीभर पाण्यात रात्रभर पूर्ण बुडवून ठेवावेत व नंतर पालिकेच्या सफाई विभागास सांगून ओल्या स्थितीतच द्यावेत. उन्हात वाळवून पुन्हा पेटविण्याचा मोह दरवर्षी कोणाच्या तरी बोटांवर येतो.

३. *घरी कालविलेले मिश्रण, किंवा त्याने भरलेली नळी.* यास हात लावू नये. हलवू नये, झाकण फिरवू नये, त्यावर पाणी ओतू नये. झाकणाच्या आट्यांत अडकलेले चूर्ण झाकण उघडतानाच पेटू शकते, आणि मिश्रणात धातूचे चूर्ण असल्यास पाणीही घातक ठरते. खोलीतून सर्वांस बाहेर काढावे, विजेचे बटण दाबू नये, आणि ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ या क्रमांकावर जे आहे ते यथार्थ सांगावे. पोलिसांना कळविल्यास आपल्यावरच बालंट येईल, ही भीती स्वाभाविक आहे. शक्य असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. परंतु वकील मिळेपर्यंत ती नळी घरात ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. पंचनामा झाल्यास तो वाचून मगच सही करावी, आणि त्याची व जप्त मुद्देमालाच्या यादीची प्रत मागून घ्यावी.

तयार माल घेताना व मागविताना

परवाना दर्शनी भागी लावलेल्या दुकानातूनच माल घ्यावा आणि पावती घ्यावी. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता व पेटविण्याच्या सूचना असाव्यात. हरित फटाक्यांवर त्यांचे विशिष्ट चिन्ह असते. सदोष फटाक्याने इजा झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार उत्पादकाकडून व विक्रेत्याकडून भरपाई मागता येते. पण पावती आणि वेष्टन दोन्ही फेकून दिल्यावर दाद मागणे कठीण होते.

ऑनलाइन विक्रीस, तसेच जोडलेल्या फटाक्यांच्या लांबलचक माळांस सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्याच निर्णयाने मनाई केलेली आहे. टपालाने, कुरियरने, रेल्वेने किंवा एस. टी.च्या टपावर घालून फटाके वा त्यांची द्रव्ये पाठविणे हा स्वतंत्र अपराध आहे. 'घरगुती सामान' असे लिहून पार्सल करणाऱ्याने त्या डब्यातील सर्व प्रवाशांचे प्राण पणास लावलेले असतात. फटाक्याचा आवाज तो फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा असा नियम आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके उडविण्यास २००५ पासूनच बंदी असून दिवाळीच्या दिवसांत शासन वा न्यायालय याहूनही कमी वेळ नेमून देते. ती वेळ त्या त्या वर्षी पाहून घ्यावी.

जत्रेतील सार्वजनिक आतषबाजीस पोलिसांची व जिल्हा प्रशासनाची लेखी परवानगी लागते, आणि ती नाकारली गेल्यास कार्यक्रम रद्द करण्याचे धैर्य विश्वस्तांनी दाखवावे. केरळात कोल्लमजवळ पुट्टिंगल देवालयात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे शंभराहून अधिक भाविक दगावले. तेथील स्पर्धात्मक आतषबाजीस जिल्हा प्रशासनाने आधीच नकार दिलेला होता.

भाजल्यास

भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली सुमारे वीस मिनिटे धरावा. बर्फ, दंतमंजन, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. डोळ्यात ठिणगी वा तुकडा गेला असेल तर डोळा चोळू नये, दाबू नये व धुऊही नये. वर कडक आच्छादन धरून तत्काळ नेत्रवैद्याकडे न्यावे. केवळ रसायनाची भुकटी गेली असेल तर मात्र उलट, लगेच भरपूर पाण्याने धूत राहावे. रुग्णवाहिकेसाठी १०८. वैद्यांपासून कारण लपवू नये. दारूच्या जखमेत धातूचे कण राहतात आणि उपचार त्यावर अवलंबून असतो.

परदेशस्थ वाचकांसाठी

अमेरिकेत हौशी दारूकामाच्या मंडळ्या आहेत, १९६९ पासून त्यांची एक संघटनाही कार्यरत आहे, आणि तेथील आप्तांकडून ऐकूनच इकडील पुष्कळांची उत्सुकता वाढते. परंतु तेथेही संघराज्याचे साठवण-वाहतुकीचे नियम, राज्याचा कायदा आणि गावाचा अग्निनियम असे तीन पदर आहेत, आणि एका राज्यात क्षम्य असलेली गोष्ट शेजारच्या राज्यात गुन्हा ठरते. तेथील वाचकांनी प्रथम मंडळीचे सभासदत्व घ्यावे आणि मगच पुढचा विचार करावा. इकडील वाचकांनी त्यांच्या पुस्तकातील पाठ मागवू नयेत, आणि तिकडून येणाऱ्यांनी विमानाच्या सामानात कोणतेही चूर्ण किंवा वात आणू नये. सीमाशुल्क खात्याच्या तपासणीत ती सापडल्यास हौशी माणसासाठी तेथे वेगळी रांग नाही.